हेड कोच गेला, म्हणून मास्तरनंही का जायचं?

२०१२ ते २०२१ या दहा हंगामांत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एलएसयूच्या, अमेरिकन फुटबॉल संघाचा बचाव एकामागून एक पाच जणांनी सांभाळला. जॉन चेव्हिस, केव्हिन स्टील, डेव्ह अरँडा, बो पेलिनी आणि डरॉन्टे जोन्स. हेड कोचही बदलला. सप्टेंबर २०१६ मध्ये ऐन हंगामात लेस माइल्स यांना काढलं आणि एड ओरजेरॉन आले. एवढ्या उलथापालथीत कॉर्नरबॅकना, म्हणजे मैदानाच्या कडांना पास अडवणाऱ्या बचावपटूंना, शिकवणारा माणूस मात्र एकच होता, कोरी रेमंड. त्यांच्या हाताखालून ट्रेडेव्हियस व्हाइट गेला, डॉन्टे जॅक्सन गेला, ग्रीडी विल्यम्स आणि क्रिस्टियन फुल्टन गेले. डेरेक स्टिंग्ली ज्युनियरने २०१९ मध्ये, पहिल्याच वर्षी, सहा पास हिसकावले. त्या वर्षी संघ १५ सामने खेळला, पंधराही जिंकला आणि राष्ट्रीय विजेता झाला. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, स्टिंग्लीची निवड तिसऱ्या क्रमांकावर झाली.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये असं सलग दहा वर्षं एका जागी शिकवायला मिळणं हा अपवाद आहे. रिवाज असा की हेड कोचला काढलं की त्याच्याबरोबर सगळा स्टाफ जातो. मागच्या फळीला शिकवणारा, ज्याला तिकडे डिफेन्सिव्ह बॅक्स कोच म्हणतात, तोही जातो. त्याचं काम चांगलं होतं की वाईट, हे कोणी तपासत बसत नाही. ही पद्धत चुकीची आहे, विद्यापीठांनी ती बदलायला हवी आणि आज ती बदलणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे, असं माझं म्हणणं आहे. यातली बरीच विद्यापीठं सरकारी आहेत. अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या शुल्कात क्रीडा शुल्क वेगळं लावलेलं असतं. पुण्या-नागपुरातून तिकडे एम.एस. करायला गेलेला आणि आयुष्यात एकही सामना न पाहिलेला मुलगाही ते भरतो. म्हणजे हा प्रश्न फक्त चाहत्यांचा नाही.

आधी काम काय आहे ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय वेळेचा मुद्दा पटणार नाही.

बचावाच्या अकरा जणांत मागे चार किंवा पाच जण असतात. दोन कडांना कॉर्नरबॅक, मध्ये खोलवर दोन सेफ्टी आणि हल्ली बहुतेक वेळा आतल्या बाजूला पाचवा, निकेल. यांच्यासमोर रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे. रिसीव्हरला कुठे पळायचं हे माहीत असतं आणि तो पुढे पळतो. कॉर्नरला माहीत नसतं आणि तो सुरुवात उलटा पळत करतो. पुढच्या फळीतला एखादा चुकला तर मागे सावरायला कोणी तरी असतं. कॉर्नर चुकला तर त्याच्यामागे फक्त रिकामं मैदान असतं.

कॉलेजमध्ये हे आणखी अवघड होतं आणि त्याचं कारण चुन्याच्या रेघांत आहे. मैदान १६० फूट रुंद. प्रत्येक खेळीची सुरुवात दोन हॅशच्या, म्हणजे मैदानावर आखलेल्या खुणांच्या दोन ओळींच्या, मधून किंवा त्यांतल्या एकावरून होते. व्यावसायिक लीगमध्ये हे दोन हॅश साडेअठरा फुटांवर आहेत, म्हणजे चेंडू जवळजवळ मैदानाच्या मध्यावरच असतो. कॉलेजमध्ये त्यांच्यात ४० फूट अंतर आहे. चेंडू एका हॅशवर ठेवला की एका बाजूला ६० फूट उरतात आणि दुसऱ्या बाजूला १००. ज्या कॉर्नरच्या वाट्याला १०० फुटांची बाजू येते त्याला मोकळी जागा जास्त राखावी लागते, पण तिथपर्यंत चेंडू यायला वेळही जास्त लागतो. ६० फुटांच्या बाजूचा कॉर्नर बहुतेकदा एकटा सोडलेला असतो, कारण सेफ्टीला रुंद बाजूकडे सरकावं लागतं. म्हणून अनेक कोच डावा आणि उजवा असे कॉर्नर ठेवत नाहीत. एक रुंद बाजूचा आणि एक अरुंद बाजूचा असे ठेवतात. दोघांना उभं राहण्याची ढब वेगळी, अंतर वेगळं आणि नजर वेगळी शिकवावी लागते.

आता एकच कसरत जवळून पाहू. उलटं पळणं आणि तिथून चेंडूवर तुटून पडणं. दिसायला सोपी, पण हीच घोटवायला दोन-दोन वर्षं लागतात.

कॉर्नर रिसीव्हरपासून सात यार्डांवर उभा आहे. वजन चवड्यांवर, टाचा जमिनीला जेमतेम टेकलेल्या. गुडघे वाकलेले, छाती पुढे झुकलेली, इतकी की नाक पायाच्या बोटांच्या पुढे यावं. खेळी सुरू झाली की तो मागे सरकतो, पाय जमिनीलगत, पावलं छोटी, हात अंगाजवळ. पहिल्या तीन पावलांत नजर क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर. त्याने झटपट फेकायची तयारी केली नाही तर नजर रिसीव्हरच्या कमरेवर येते. रिसीव्हर मान वळवून फसवतो, खांदे टाकून फसवतो, पण थांबायचं असेल तर त्याची कंबर खाली जावीच लागते. ती खाली गेली की कॉर्नरने मागचा पाय रोवायचा आणि पुढे पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या रेषेत सुटायचं. ही रेषा रिसीव्हरकडे नाही, चेंडू जिथे येणार तिकडे. आपल्याकडे कबड्डीत कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्याला चढाईपटूच्या पायांवर नजर ठेवायला शिकवतात. तर्क तोच आहे.

यात बिघडतं काय? सगळ्यात जास्त वेळा मुलगा उलटं पळताना सरळ होतो. छाती वर आली की वजन टाचांवर जातं, आणि टाचांवरचा माणूस पाय रोवण्याआधी एक जादा पाऊल टाकतो. कधी ते पाऊल मागे पडतं, कधी जागच्या जागी. खर्च होतो पाव सेकंदाहून कमी, पण तेवढ्यात रिसीव्हर यार्डभर सुटतो आणि चेंडू त्याच्या हातात असतो. दुसरी चूक हातांची. हात अंगापासून लांब हलले की खांदे हलतात, खांदे हलले की कंबर उघडते आणि रिसीव्हर त्या उघडलेल्या बाजूच्या उलट पळतो. तिसरी चूक नजरेची: मुलगा क्वार्टरबॅककडे चौथ्या-पाचव्या पावलापर्यंत पाहत राहतो. ती पायांच्या सरावाने जात नाही. फिल्म थांबवून, त्या क्षणी त्याचं हेल्मेट कुठे वळलेलं होतं हे त्यालाच दाखवावं लागतं.

समोरासमोर उभं राहून खेळायचं झालं, ज्याला प्रेस म्हणतात, तर नियम उलटा: आधी पाय, मग हात. रिसीव्हर ज्या बाजूला निघेल तिकडे सहा-आठ इंचांचं आडवं पाऊल टाकायचं, त्याच्या समोर राहायचं आणि मगच एक हात त्याच्या छातीवर मारायचा. नवखा मुलगा दोन्ही हातांनी झेपावतो. वजन पुढे गेलं की रिसीव्हर त्याचे हात खाली दाबून वरून निघून जातो. कॉलेजच्या नियमांत चेंडू हवेत जाईपर्यंत समोरच्या रिसीव्हरला रोखता येतं. व्यावसायिक लीगमध्ये पाच यार्डांनंतर तेच फाउल होतं. म्हणून जो कोच आपल्या मुलाला पुढच्या पातळीसाठीही तयार करतो, तो शनिवारच्या सामन्यात चालणारी गोष्टसुद्धा जपून वापरायला लावतो. असा कोच पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही या काळजीत असेल, तर तो हे करील का?

आणि चेंडूकडे वळून कधी पाहायचं? यावर प्रेक्षक सगळ्यात जास्त ओरडतात, "मागे बघ, मागे बघ!" कोचचं उत्तर अटीवर अवलंबून असतं. रिसीव्हरच्या कमरेला कंबर लागलेली असेल, हात लावता येईल इतका जवळ असशील, तरच मान वळव. एक पाऊल मागे पडला असशील तर वळू नकोस, कारण वळताना वेग जातो आणि एका पावलाचे दोन होतात. तेव्हा रिसीव्हरच्या हातांकडे पाहा आणि हात वर गेले की त्यांच्यामधून आपला हात घाल. जो मागे पडलेला असूनही घाबरून वळतो तो मार खातो. जो जवळ असूनही वळत नाही तो रिसीव्हरवर आदळतो आणि पंच पिवळा रुमाल टाकतो. कॉलेजमध्ये त्या फाउलची शिक्षा जास्तीत जास्त पंधरा यार्ड. व्यावसायिक खेळात चेंडू फाउलच्या जागीच ठेवतात, मग ती चाळीस यार्डांवर का असेना. त्यामुळे कॉलेजमध्ये पूर्ण हुकलेल्या कॉर्नरला, टचडाउन, म्हणजे शेवटच्या रेषेपार जाऊन मिळणारे गुण, देण्यापेक्षा पकड आणि पंधरा यार्ड दे, असंही शिकवलं जातं. पण हा निर्णय त्याने पळता पळता, अर्ध्या क्षणात घ्यायचा असतो. तो अंगात मुरावा लागतो.

मुरायला वेळ किती मिळतो? कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, एनसीएएच्या, नियमाने हंगामात खेळाडूला आठवड्यात वीस तासांहून जास्त सरावाला बांधता येत नाही, दिवसाला चार तासांहून जास्त नाही, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. या विसात सामन्याचे तीन तास धरतात, बैठका धरतात, फिल्म धरतात, व्यायामही धरतात. मैदानावरच्या सरावात मागच्या फळीचा कोच आपल्या मुलांना घेऊन बाजूला जातो तो वेळ साधारण दहा-पंधरा मिनिटांचा. बाकी सगळा वेळ पूर्ण संघाबरोबर. वसंतात १५ सराव मिळतात. प्रत्येकात पंधरा मिनिटं धरली तर पावणेचार तास. अठरा वर्षांच्या मुलाचं उलटं पळणं, पाय रोवणं, कंबर वळवणं, हात लावणं आणि मान वळवणं दुरुस्त करायला वसंत ऋतूत मास्तरला मिळतात ते एवढेच.

त्या पावणेचार तासांत मास्तर नवा असेल तर? पहिले चार-पाच सराव त्याला मुलं ओळखण्यात जातात. शब्दही नवे असतात. एकाच झोनला, म्हणजे मैदानाचे भाग वाटून घेऊन राखण्याच्या पद्धतीला, एका स्टाफमध्ये एक नाव, दुसऱ्यात दुसरं. पुढे अलाबामाचे हेड कोच झालेले निक सेबन १९९१ ते १९९४ या काळात क्लीव्हलँड ब्राउन्समध्ये बिल बेलिचिक यांच्या हाताखाली बचाव सांभाळत होते. तिथे घडलेल्या पद्धतीत तीन जणांत खोल मैदान वाटून घ्यायचं, पण रिसीव्हर कुठे निघतो ते पाहून झोनचं रूपांतर मॅनमध्ये, म्हणजे एकेका रिसीव्हरला एकेकाने धरण्यात, करायचं, असं होतं. ही पद्धत आज कॉलेजभर पसरली आहे, पण "पहिला रिसीव्हर आत वळला तर मी काय करू" याचं उत्तर प्रत्येक स्टाफचं थोडं निराळं असतं. मुलगा जुनं उत्तर विसरून नवं शिकतो, आणि पळता पळता जेव्हा दोन्ही आठवतात तेव्हा तो थबकतो. मागच्या फळीत मोठे टचडाउन बहुतेक वेळा याच थबकण्यातून जातात. मुलगा हळू असतो म्हणून जातात, असं क्वचितच.

या धंद्यातली कारकीर्द कशी घडते ते रेमंड यांच्याच वाटचालीत दिसतं. जन्म लुइझियानातल्या न्यू आयबेरियाचा. एलएसयूकडून १९८८ ते १९९१ खेळले, मग न्यू यॉर्क जायंट्स आणि डेट्रॉइट लायन्स मिळून सहा वर्षं व्यावसायिक. २००६ मध्ये एलएसयूत पुन्हा आले ते पायरीच्या तळाशी, शिकाऊ उमेदवार म्हणून, आणि तिथेच तीन वर्षं काढली. २००९ मध्ये युटा स्टेट, म्हणजे लोगन हे डोंगराळ भागातलं गाव. २०११ चा हंगाम नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये. २०१२ मध्ये बॅटन रूजला, एलएसयूच्या गावी, परत. ओरजेरॉन गेल्यावर २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात, गेन्सव्हिलला. तिथे दोन हंगाम आणि २०२४ मध्ये पुन्हा बॅटन रूज. यांना नशीबवानच म्हणायचं, कारण मधली दहा वर्षं एका गावात मिळाली. बहुतेकांची यादी दर दोन-तीन वर्षांनी नव्या गावाची असते. बायको-मुलं, शाळा, घर, सगळं उचलून न्यायचं. अनेक राज्यांच्या निवृत्तिवेतनात हक्क पक्का व्हायला पाच ते दहा वर्षं एकाच राज्यात नोकरी लागते. दर तिसऱ्या वर्षी राज्य बदलणाऱ्याचा तो कधीच पक्का होत नाही.

मोठ्या परिषदांत, म्हणजे विद्यापीठांच्या साखळी गटांत, अशा कोचला लाखांत डॉलर मिळतात, हे खरं आहे, आणि तिथल्या कोणाची कीव करायला मी सांगत नाही. पण हा पगार कसा आला तेही लक्षात ठेवलं पाहिजे. १९९१ मध्ये एनसीएएने नियम केला की स्टाफमधल्या ठरावीक कनिष्ठ कोचना शैक्षणिक वर्षात १२,००० डॉलर आणि उन्हाळ्यात ४,००० यापेक्षा जास्त द्यायचे नाहीत. वर्षाला १६,०००. बास्केटबॉलचे कोच न्यायालयात गेले. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने ही मर्यादा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवली, आणि १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. पगाराची दारं तिथून उघडली, पण मुदतीचा प्रश्न तसाच राहिला. साहाय्यकांचे करार आजही बहुधा एक-दोन वर्षांचे असतात. त्यात बहुतेकदा असंही कलम असतं की काढल्यावर दुसरी नोकरी शोधणं त्याच्यावर बंधनकारक आणि तिथे मिळणारा पगार आपल्या देण्यातून वजा. हेड कोचचे करार मात्र निराळ्याच जगातले. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा त्यांना देणं साडेसात कोटी डॉलरहून जास्त होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एलएसयूने ब्रायन केली यांना काढलं तेव्हाही आकडा पाच कोटींच्या वर होता. लुइझियानाचे राज्यपाल जेफ लँड्री त्यावर जाहीरपणे बोलले आणि देशभर चर्चा झाली. ती सगळी चर्चा वरच्या एका खुर्चीची होती. खाली शिकवणाऱ्या दहा जणांच्या मुदतीबद्दल त्यात क्वचितच कोणी बोललं.

यावर सगळ्यात भक्कम आक्षेप असा की हेड कोचला आपली माणसं निवडता आली पाहिजेत. निकाल त्याच्या नावावर लागतो, तर हाताखालचे लादलेले का? हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. डावपेच ठरवणारे दोन समन्वयक, आक्रमणाचा आणि बचावाचा, त्याचेच हवेत, यात वाद नाही. पण कॉर्नरच्या पायांचं शिक्षण डावपेचांपेक्षा वेगळं आहे. एलएसयूचीच दहा वर्षं पाहा. पाच समन्वयक, पाच वह्या, पाच शब्दकोश, आणि त्या प्रत्येकाला वापरता येतील असे कॉर्नर एकाच मास्तरने दिले. नव्या समन्वयकाचे शब्द मुलांच्या जुन्या शब्दांत उतरवून देणारा माणूस आधीच खोलीत असेल, तर नव्याचं काम हलकंच होतं.

इथे २०२० चं वर्ष लपवून चालणार नाही, उलट त्याच्याकडे नीट पाहायला हवं. विजेतेपदानंतरच्या पहिल्याच सामन्यात मिसिसिपी स्टेटच्या के. जे. कॉस्टेलोने एलएसयूविरुद्ध ६२३ यार्डांचे पास फेकले, परिषदेचा विक्रम झाला आणि सामना ४४-३४ गेला. त्या वर्षी पासविरुद्धचा त्यांचा बचाव देशात तळाला होता. मास्तर तोच होता. मग सातत्याचा फायदा काय, असं कोणीही विचारील. पण बाकी काय काय बदललं होतं? अरँडा बेलर विद्यापीठाचे हेड कोच होऊन गेले होते. पेलिनी यांची पद्धत निराळी, कॉर्नरला एकटं सोडण्यावर भर देणारी. विजेत्या संघाच्या मागच्या फळीतले काही जण ड्राफ्टमधून गेले होते. कोविडमुळे वसंतातला सराव गुंडाळावा लागला होता, म्हणजे ते पावणेचार तासही मिळाले नव्हते. स्टिंग्ली काही सामने खेळूच शकला नाही. एका मास्तरच्या टिकण्याने सगळं सावरतं असा दावा कोणी करत असेल तर २०२० त्याला खोटं पाडतं. माझा दावा तेवढा मोठा नाही. समन्वयक, पद्धत, खेळाडू आणि सराव ही चार खोडं एकदम उपटली तर पाचव्याच्या आधारावर मांडव उभा राहत नाही, आणि बहुतेक विद्यापीठं दर तीन-चार वर्षांनी पाचही उपटतात.

दुसरा आक्षेप नवा आहे. मुलंच टिकत नाहीत, मग मास्तर टिकवून काय करायचं? ऑक्टोबर २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आहे. २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलताना वर्षभर न खेळता बसावं लागत नाही आणि २०२४ पासून कितीही वेळा बदलता येतं. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना हा पैसा मिळाला हे योग्यच झालं, फार आधी व्हायला हवं होतं. पण त्याचा परिणाम शिकवण्यावर होतो. आता कॉर्नर बसवण्यासाठी तीन वर्षं थांबायची गरज नाही, जानेवारीत तयार कॉर्नर विकत आणता येतो. तयार म्हणजे कुठे तरी, कोणी तरी तयार केलेला. लोगनसारख्या गावात कमी पगारावर कोणी तरी त्याचं उलटं पळणं दुरुस्त केलं म्हणून तो विकत घेण्याजोगा झाला. सगळ्यांनीच विकत घ्यायचं ठरवलं आणि घडवणाऱ्याला दर दोन वर्षांनी काढलं, तर बाजारात येणार काय?

शिवाय मुलगा विद्यापीठ निवडतो तेव्हा बहुतेकदा तो याच माणसाला निवडतो. त्याच्या घरी जेवायला आलेला, आईशी बोललेला हाच असतो. हेड कोच एकदा येऊन गेलेला असतो. मास्तर गेला की पोर्टलमध्ये नाव टाकणारी पहिली मुलं त्याच्याच खोलीतली असतात. मुलं टिकत नाहीत म्हणून मास्तर टिकवायचा नाही, असं म्हणणाऱ्यांना गाडी उलटी जुंपलेली दिसत नाही.

या धंद्यात वर जायचा रस्ता कसा आहे तेही पाहा. सेबन मुळात मागच्या फळीचे कोच. वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट आणि व्यावसायिक ह्यूस्टन ऑयलर्स, सगळीकडे तेच काम. कर्बी स्मार्ट यांनीही एलएसयू आणि अलाबामात हेच काम केलं आणि पुढे जॉर्जियाला २०२१ व २०२२ ची विजेतेपदं मिळवून दिली. या कामातून केवढी समज येते हे त्यातून दिसतं. पण ज्याला पायऱ्या चढायच्या नाहीत, ज्याला साठीपर्यंत कॉर्नरच शिकवायचे आहेत, त्याच्यासाठी या व्यवस्थेत जागा नाही. सर्वोत्तम मागच्या फळीच्या खेळाडूला १९८६ पासून जिम थॉर्प पुरस्कार मिळतो. साहाय्यक कोचसाठी १९९६ पासून ब्रॉइल्स पुरस्कार आहे, पण तोही बहुतेकदा समन्वयकांकडे जातो. अलाबामात सतरा हंगाम हेड कोच असतानाही सेबन सरावात कॉर्नरांच्या घोळक्यात उभे असायचे, पायांची पावलं दाखवत. त्यांनी ते काम सोडलं नाही, कारण त्यांना सोडवत नव्हतं. ज्याच्याकडे हेड कोचची ताकद नाही त्याला ते काम धरून ठेवता यावं, याची सोय मात्र करायला हवी.

मग नेमकं करायचं काय? पहिली गोष्ट मुदतीची. पोझिशन कोचचा, म्हणजे एकाच जागेच्या खेळाडूंना शिकवणाऱ्याचा, करार तीन वर्षांचा असावा आणि तो ३० जूनला संपावा, हंगामानंतरच्या धामधुमीत नाही. हेड कोच गेला म्हणून तो आपोआप संपू नये. नव्या हेड कोचने वसंतातले पंधरा सराव त्याच्याबरोबर काढावे आणि मग ठरवावं. पूर्वी याला खरी अडचण होती, कारण मैदानावर शिकवू शकणाऱ्या साहाय्यकांची संख्याच ठरलेली होती. आधी नऊ, जानेवारी २०१८ पासून दहा. नव्याला आपला माणूस आणायचा तर जुन्याची खुर्ची रिकामी करावीच लागे. जून २०२४ मध्ये एनसीएएने ही अट काढली. आता स्टाफमधला कोणीही सरावात आणि सामन्यात शिकवू शकतो. मर्यादा उरली ती फक्त विद्यापीठाबाहेर जाऊन मुलं मिळवणाऱ्यांवर, हेड कोच आणि दहा साहाय्यक. म्हणजे नव्या हेड कोचने आपला पळणारा, फिरणारा तरुण माणूस त्या दहांत घ्यावा आणि अनुभवी मास्तरला त्याच पगारावर आवारातल्या शिकवणीसाठी ठेवावं, याला नियमांत आज काहीही आडवं येत नाही. पैशाचं म्हणाल तर साडेसात कोटींचा शंभरावा भाग साडेसात लाख होतो. त्यात लहान परिषदेतल्या अनुभवी पोझिशन कोचचे काही वर्षांचे पगार निघतात.

दुसरी गोष्ट मोजमापाची. या कोचला आज मोजतात ते दोन आकड्यांनी, त्याने मिळवलेल्या मुलांचे तारे, म्हणजे कॉलेजात येण्याआधीचं त्यांचं मानांकन, आणि संघाने हिसकावलेले पास. तारे म्हणजे शिकवण्याआधीची गुणवत्ता, तर हिसकावलेल्या पासांत नशिबाचा वाटा मोठा: चेंडू कोणाच्या बोटाला लागून कुठे उडाला यावर आकडा हलतो. जे खरोखर त्याच्या हातात आहे ते प्रत्येक स्टाफ आधीच नोंदवतो. सामन्यानंतर रविवारी फिल्म लावून प्रत्येक खेळीला प्रत्येक खेळाडूचे दोन गुण दिले जातात. जबाबदारी बरोबर पाळली का, आणि तंत्र बरोबर होतं का. साठ खेळींत चौपन्न बरोबर म्हणजे नव्वद टक्के. त्यात कोणाचा माणूस मोकळा सुटला, किती टॅकल, म्हणजे पाडण्याचे प्रयत्न, हुकले, पास झेलल्यावर किती यार्ड दिले, किती रुमाल पडले, हे सगळं असतं. सप्टेंबरमध्ये तंत्रात सत्तर टक्के असलेला मुलगा नोव्हेंबरमध्ये किती झाला आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये किती, हाच मास्तरचा निकाल. क्रीडा विभागाने तो मागावा आणि करार वाढवताना टेबलावर ठेवावा.

हे कागद आज कोणाचे असतात? कोच जातो तेव्हा ते त्याच्या लॅपटॉपवर जातात. त्यात एखाद्या एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलेलं असतं की उजवीकडे कंबर झटकन वळते, डावीकडे वळताना डाव्या पायाचा चवडा आधी उचलला जातो, म्हणून अरुंद बाजूला उभा करताना त्याला बाहेरच्या रेषेकडे एक पाऊल जास्त द्या. नवा मास्तर मार्चमध्ये येतो. मुलगा तीनदा बाहेरच्या बाजूने हुकतो. नव्याला वाटतं पोरगा हळू आहे, आणि तो त्याला राखीव खेळाडूंत टाकतो. आठव्या-नवव्या सरावात कोणी तरी फिल्म हळू लावून पाहतं आणि तो उचललेला चवडा दिसतो. तोवर निम्मा वसंत संपलेला असतो आणि मुलाने आईला फोन करून पोर्टलबद्दल विचारलेलं असतं.